गुरुवारी हे परत यायचे

आमच्याकडं सुट्टी गुरुवारची. भोसरीतल्या सगळ्या वर्कशॉपांना गुरुवार, त्या दिवशी कारखान्यांच्या भागात लाईटच नसायची, मग मशीन चालवणार कशावर. त्यामुळं रविवारी माणसं कामावर आणि आम्ही बाया-पोरं घरात, आणि टीव्हीवर बघण्यासारखं काय ते रविवारीच लागायचं. म्हणून ती आकाशातल्या जहाजाची मालिका मी बघितली आणि ह्यांनी नाही बघितली. ह्यांनी बघितलं असतं तर काय झालं असतं, कदाचित काहीच नाही, पण मी ते कितीदा डोक्यात फिरवलंय, भाकरी थापताना, पोरीला न्हाऊ घालताना, आत्ता लिहितानासुद्धा.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची, पोरगी दहा महिन्यांची. आम्ही बीडकडचे. हे आधी एकटे आले, काम मिळालं, मग मला आणलं. दहा खोल्यांची एक ओळ होती, वर पत्रा, पुढं एक नळ, आणि ओळीच्या तोंडाला मालकाचं पक्कं घर. मालकीणबाईंना सगळ्या आक्का म्हणायच्या. मूळचं गावातलं घराणं त्यांचं, जमीन कारखान्यांत गेलेली. त्यांच्याकडं टीव्ही होता, कपाटासारखा, सरकत्या दाराचा. रविवारी सकाळी आक्का ते दार सरकवायच्या आणि आम्ही सगळ्या सतरंजीवर बसायचो.

इंग्रजी होतं सगळं. आक्कांची लेक अकरावीला होती, ती मधून मधून सांगायची, पण तिलाही निम्मंच कळायचं, बाकीचं आमचं आम्हीच लावायचो. जहाजावरच्या माणसांचे कपडे अंगाला चिकटलेले, तर शेजारच्या खोलीतली म्हणाली, "हे सगळे आतल्या कपड्यांवरच कामाला आलेत."

"आगं, युनिफार्म हाय त्यो त्यांचा," आक्का म्हणाल्या. "कंपनीनं दिलेला."

"मग आत्ता ह्यांची फर्स्ट चालूय का सेकंड?"

"तिथं दिवस उगवंना का मावळंना, शिफ्ट कशी लावायची? नुसता ओव्हरटाइम."

सगळ्या हसल्या, मी पण हसले, ते आठवतं, कारण त्यानंतर मी बरेच दिवस हसले नाही.

त्या दिवशीच्या गोष्टीत जहाजावरची पाच-सहा माणसं एका ताऱ्यावर उतरली. नुसते दगड, आणि भेगांमधून धुरासारखं काहीतरी वर येतंय. तिथं कुणीतरी राहतं पण दिसत नाही. ती माणसं परत जहाजावर आली ती दिसायला तशीच आली, चालतात, बटणं दाबतात, काम बरोबर करतात, पण डोळे उघडे आणि आत कुणी नाही. एक बाई होती, तिचा माणूस त्यांच्यात होता, नवरा का होणारा नवरा ते कळलं नाही. ती त्याच्या मागं मागं जाते, नाव घेऊन हाक मारते, परत मारते, तो वळत नाही. मग ती पुढं जाऊन त्याच्या तोंडासमोर उभी राहते, तर तो तिच्याकडं भिंतीकडं बघावं तसा बघतो.

माझ्या मांडीवर पोरगी होती, तिच्या तोंडाशी नेलेला चमचा तसाच राहिला माझ्या हातात. कारण तसं बघणं मी आदल्याच संध्याकाळी बघितलं होतं, माझ्याच खोलीत, माझ्याच माणसाच्या तोंडावर.

ह्यांचं काम टाकीवर होतं. पार्टांना मशीनवरचं तेल लागलेलं असतं, त्यावर मुलामा चढवायच्या आधी ते धुवावे लागतात, तर एक लोखंडी टाकी, माणसाच्या छातीएवढी उंच, तिच्यात केमिकल तापवलेलं, आणि हे जाळीच्या टोपलीत पार्ट घालून ती टोपली आत सोडायचे आणि वर काढायचे. दिवसभर तेच. त्या केमिकलला गोड वास यायचा. पहिल्या महिन्यात हे हसून सांगायचे, "टाकीवरच्याला दारू लागत नाही, फुकटात चढते." मला वाटायचं गंमत करतायत. मग तोच वास ह्यांच्या शर्टाला यायला लागला, मग केसांना, मग तोंडाला, जेवताना बोलले तरी यायचा. मग बोलणंच कमी झालं. त्या शनिवारी संध्याकाळी हे ताटासमोर बसले, घास हातात, आणि बसूनच राहिले. मी म्हटलं, "अहो." काही नाही. "अहो, भात निवतोय." तर माझ्याकडं बघितलं, असं बघितलं की मी पोरीला उचलून चुलीच्या बाजूला सरकले. स्वतःच्या नवऱ्याला भिऊन. नंतर हे काही कारण नसताना हसले आणि भात खाल्ला.

म्हणून टीव्हीतल्या त्या माणसाकडं मी बोट केलं. मी आक्कांच्या लेकीला म्हटलं, "विचार ना, ह्यांना काय झालंय?"

"कुणाला विचारू, वहिनी? टीव्हीला?" ती म्हणाली. पण मग कान देऊन ऐकायला लागली. जहाजावर एक डॉक्टर होता, तो कपाळाला आठ्या घालून कप्तानाला सांगत होता. ती म्हणाली, "तो म्हणतोय यांच्यात दोष नाही. त्या जागेत आहे. जहाज तिथून लांब न्या, आपोआप उतरेल."

मग जहाज लांब गेलं. त्या बाईनं परत नावानं हाक मारली, आणि तो वळला. आधी डोळे वळले मग तोंड. शेजारची म्हणाली, "बरं झालं बाई, आला माणसात." आक्कांनी दार सरकवून टीव्ही बंद केला. मी तिथंच बसून होते, पोरगी रडायला लागली तेव्हा उठले.

त्यानंतरच्या मंगळवारची गोष्ट. हे कामावरून आले, मी पोळ्या लाटत होते, म्हणाले, "आण तिला, पाय धुऊन आणतो." मला बरं वाटलं, स्वतःहून मागितली म्हणून. हे तिला घेऊन नळाकडं गेले. थोड्या वेळानं आले, हातात भरलेली बादली, ती जागेवर ठेवली, चटई अंथरली आणि आडवे झाले.

मी म्हटलं, "पोरगी?"

म्हणाले, "कुठली?"

मी लाटणं टाकून पळाले. पोरगी नळाच्या ओल्या कट्ट्यावर एकटी बसलेली, कडेला, पाय खाली सोडून, आणि शेवाळ तिथलं, मोठी माणसं घसरायची. तिनं मला बघून हात वर केले. मी तिला घेतलं आणि तिथंच ओल्यात खाली बसले. खोलीत आले तर हे झोपलेले, छाती वरखाली होतेय, तो गोड वास सगळ्या खोलीत. त्या दिवसापासून मी पोरीला ह्यांच्याजवळ दिलं नाही. फक्त गुरुवारी द्यायची.

कारण गुरुवारी हे परत यायचे. खरंच सांगते. सकाळी जड असायचे, डोकं दुखतंय म्हणायचे, पण दुपारपर्यंत डोळ्यात माणूस यायचा. पोरीला खांद्यावर घेऊन बाजारात जायचे, तिला सगळ्या गाड्यांची नावं सांगायचे, ही लुना, ही राजदूत. माझ्या हातचं कालवण चाखून म्हणायचे, "मीठ आज कुणाच्या रागात पडलं?" आणि मी म्हणायची, "तुमच्या." शुक्रवारी कामावर जायचे आणि संध्याकाळी परत तो दुसराच माणूस घरी यायचा.

मी आक्कांना सांगितलं. नळाचं सांगितलं, गुरुवारचं सांगितलं. टीव्हीतल्यासारखंच आहे म्हटलं.

आक्का म्हणाल्या, "गुरवारीच बरं वाटतंय म्हंतीस?"

"हो."

"आगं मग ह्यात टीवीचं काय विचारतीस. गुरवार कुणाचा वार? दत्त म्हाराजांचा. बाहेरचं काय लागलं असंल तर ते त्या दिवशी अंगात ऱ्हातच न्हाई, देव उभा करत न्हाई त्याला. तुझ्या माणसाला लागलंय, आन् देव तुला खूण दाखवतोय दर आठवड्याला. आकरा गुरवार धर दोघांनी. आकराव्याला कायमचं सुटंल."

आता मला कुणी विचारलं तर मी सांगेन, गुरुवारी हे कामावर नसायचे म्हणून बरे असायचे. पाचवीतलं पोरगं सांगेल. मी पण पाचवी शिकलेली होते. आणि मी ते ऐकलं होतं, दोष माणसात नाही जागेत आहे, लांब न्या, आक्कांच्या लेकीनं मला मराठीत सांगितलं होतं. पण ते टीव्हीतलं होतं, आणि हे देवाचं होतं. आणि देवाचं करायला ह्यांचं काम सोडावं लागत नव्हतं.

तरी मी एकदा बोलले. तिसरा गुरुवार होता, देवळातून आलो होतो, उपासाची भगर खात होतो. मी ती जहाजाची गोष्ट सगळी सांगितली, दगड, धूर, ती बाई, डॉक्टर.

हे म्हणाले, "म्हणजे मी ताऱ्यावरून आलोय?"

"हसू नका. ती टाकी सोडा तुम्ही. मशीनवर मागा काम."

"मागितलं. फोरमन म्हणतो, राव, टाकीवर उभं राहायला कोण तयार नाही, तू आहेस म्हणून दिवाळीनंतर पक्का करतो. पक्का झालो की मशीनवर." मग पोरीच्या हातातला दाणा काढून घेत म्हणाले, "मला कळतं गं. मधेच काहीतरी जातं डोक्यातून. टोपली वर काढतो आणि कळत नाही आत सोडायची का बाहेर ठेवायची. दिवाळीपर्यंत काढू."

मी म्हटलं, "गावाकडं जाऊ. लांब."

"तिकडं काय खायचं?"

मी पोरीला भगरीचा घास भरवला. थोड्या वेळानं हेच म्हणाले, "त्या बाईनं नाव घेऊन हाक मारली म्हणतेस?"

"हो."

"आणि तो वळला?"

"वळला."

"मग तू पण मार की एकदा. बघू."

मी पदर तोंडाला लावला. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच, नंतर कधी नाही. नाव घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं असं माझ्या आईनं मला सांगितलेलं. हे मला चिडवत राहिले, "घे ना, घे ना," पोरगी टाळ्या वाजवायला लागली, आणि मी नाही घेतलं. पुढं कितीतरी संध्याकाळी हे भिंतीकडं बघत बसलेले असायचे, मी "अहो, अहो" करून दमायची, आणि नाव ओठापर्यंत यायचं, ते मी परत गिळायची. भीती वाटायची. न वळणाऱ्या माणसाची पण भीती आणि नाव घ्यायची पण भीती.

गुरुवार चालू राहिले. चौथा, पाचवा, सहावा. देवळात हे हात जोडून बसायचे, डोळे स्वच्छ, आरती म्हणायचे, आणि आक्का मला कोपरानं ढोसायच्या, "बगितलंस?" मी बघायची. दर गुरुवारी माझा विश्वास वाढायचा. बाकी सहा दिवस मी दार वाजलं की दचकायची, पोरीला आधी कडेवर घ्यायची मग कडी काढायची. गुरुवारी मात्र दार उघडंच असायचं. इतकी मी त्या दिवसाच्या भरवशावर होते.

नववा गुरुवार. आदल्या संध्याकाळी हे आले ते म्हणाले, उद्या यायला सांगितलंय. टाकी रिकामी करून धुवायची आहे, तळाला गाळ साठलाय, चालू दिवशी टाकी बंद ठेवता येत नाही म्हणून सुट्टीला. हे आणि अजून एकजण. डबल हजेरी.

सकाळी हे उठले ते अंघोळ करून परत चटईवर बसले. मी ह्यांना गंध लावलं. पोरीला मांडीवर घेऊन हे बसून राहिले.

"आज जाऊ वाटत नाही," म्हणाले.

मी चुलीजवळून म्हटलं, "का?"

"झोपावं वाटतंय. आज तरी वास नको वाटतोय नाकात."

इथं मी थांबते. इथं मी दर वेळी थांबते. दुसऱ्या कुठल्या दिवशी हे असं म्हणाले असते तर मी दाराला कडी घातली असती. सोमवारी म्हणाले असते, शनिवारी म्हणाले असते, मी पाय धरले असते, जाऊ नका म्हटलं असतं. पण गुरुवार होता. मी म्हटलं, "जाऊन या. आज नाही म्हटलं तर फोरमन मनात ठेवेल, दिवाळी जवळ आली. आणि आज गुरुवार आहे. गुरुवारी तुम्हाला काही होत नाही."

मी म्हटलं हे. माझ्या तोंडानं.

हे म्हणाले, "हां, ते पण आहे." पोरीला माझ्याकडं दिलं, चपला घातल्या. नळापर्यंत गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं डबा राहिला, उपासाचा, भगर आणि दाण्याची आमटी. मी दारातून हाक मारली, "अहो." एकदाच. आणि हे वळले, लगेच, पहिल्या हाकेला, आणि कपाळावर हात मारून हसले, विसरलो म्हणून. माझ्या मनात आलं, बघ, पहिल्या हाकेला वळले. देव आहे. मी डबा नेऊन दिला. पोरीनं ह्यांच्या शर्टाचं बटण धरून ठेवलं, ते सोडवून गेले.

दुपारी मी पाटावर तांदूळ मांडत होते, संध्याकाळच्या पूजेचं. ह्यांच्याबरोबरचा जो दुसरा होता तो सायकलवर आला. सायकल उभी केली नाही, सोडूनच दिली, ती पडली. तो म्हणाला, "वहिनी, चला." मी म्हटलं, काय झालं. तो म्हणाला, "आत उतरला होता. मी वरनं बादली घेत होतो. दोन बादल्या दिल्या, तिसरी दिली नाही." परत म्हणाला, "तिसरी दिली नाही, वहिनी. मी वाकलो तर मलाच गरगरलं. लाईट नाही, पंखा बंद, शटर निम्मं खाली. माणसं गोळा करेपर्यंत..." मग तो रडायला लागला, एवढा मोठा माणूस, आक्का बाहेर आल्या, त्यांनी माझ्या कडेवरची पोरगी काढून घेतली. त्या दिवसानंतर त्या माझ्याशी गुरुवारबद्दल कधीच बोलल्या नाहीत, आणि मी पण त्यांना दोष दिला नाही. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मलाही वाटत होतं.

टेम्पोतून गेलो. दवाखान्याच्या व्हरांड्यात एका ढकलगाडीवर ह्यांना ठेवलं होतं, अंगावर चादर नव्हती अजून, कपाळावर मी लावलेलं गंध होतं, थोडं फिसकटलेलं. तोंड भिंतीकडं वळलेलं. डोळे अर्धे उघडे. मी लांबूनच ओळखलं ते बघणं.

मी म्हटलं, "अहो."

मग परत म्हटलं. किती वेळा म्हटलं माहीत नाही. तो सायकलवाला माझ्या खांद्याला धरत होता. आणि मला ती बाई आठवली, टीव्हीतली, समोर उभी राहून हाक मारणारी, आणि जहाज लांब गेल्यावर तो वळला होता ते आठवलं, आणि मला वाटलं, आता हे त्या टाकीपासून लांब आहेत, आता सुटले असतील, आता हाक मारली तर ऐकतील. म्हणून मी नाव घेतलं. मोठ्यानं. लग्नानंतर पहिल्यांदा. व्हरांड्यातली माणसं बघायला लागली. मी परत घेतलं.

शेजारी टेबलावर एकजण कागद भरत होता. त्याला वाटलं मी त्याला नाव सांगतेय. त्यानं ते लिहून घेतलं, आणि मान वर न करता विचारलं, "आडनाव?"